पगारातले २०० आणि मस्टरवरचे ३१२ : सरकारी पैशाचा माग गावापासून दिल्लीपर्यंत कसा काढायचा

अंबाजोगाईत एका शिक्षणसंस्थेत मी हिशेबाचं काम बघतो. दर महिन्याला शंभरेक पगारपत्रकं माझ्या हाताखालून जातात आणि बहुतेकांवर एक ओळ असतेच : व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत ती ३०० होते, आणि दर फेब्रुवारीला कुणी ना कुणी टेबलाशी येऊन विचारतं, "सर, या महिन्यात शंभर जास्त का कापले?" राज्यघटनेच्या कलम २७६ नं या कराला माणशी वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. अकरा महिने दोनशे म्हणजे २,२०० झाले, उरलेले ३०० फेब्रुवारीत. यात गूढ काही नाही.

गेल्या दिवाळीत केज तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो, तेव्हा पगारपत्रकाचा एक कागद पिशवीत राहिला होता. चुलत्यांनी तो उलटापालटा केला आणि बोट ठेवलं. "हे दोनशे कशाचे रे?" म्हटलं, "तात्या, हे तुमच्या रोजगार हमीचे." तात्या जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तू धा वर्सं झाली भरतो मनतो, अन् आमचं मस्टर का निघंना मग?"

मस्टर म्हणजे रोजगार हमीच्या कामावरचं हजेरीपत्रक, ते निघालं की काम सुरू. तात्यांच्या प्रश्नाला माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं. ते शोधताना मी जी वाट चाललो, ती इथं पायरीपायरीनं लिहितो आहे. साहित्य फार लागत नाही. मोबाइल, एक वही, पगारपत्रक किंवा दुकानाची चार बिलं, घरातल्या कुणाचं जॉबकार्ड, म्हणजे रोजगार हमीचं कार्ड, आणि दोन रविवार.

पायरी १ : आपल्या घरातून काय जातं ते आधी लिहा

"आम्ही कुठं कर भरतो, आम्ही तर शेतकरी" हे वाक्य गावात सर्रास ऐकू येतं, पण ते खरं नाही. वहीचं एक पान घ्या आणि महिनाभरात घरातून गेलेला कर लिहून काढा.

व्यवसाय कर सर्वांत सोपा. पुरुषांना साडेसात हजारांपर्यंत माफी, त्यापुढं दहा हजारांपर्यंत १७५ आणि दहा हजारांवर २००. महिलांना १ एप्रिल २०२३ पासून महिना २५ हजारांपर्यंत माफी आहे. हा कर पूर्णपणे राज्याचा.

मग सिमेंटचं बिल काढा. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. बिलावर तो ९ आणि ९ असा दोन ओळींत दिसतो. एक केंद्राचा, एक राज्याचा. दुकानदार अडत असेल तर पक्कं बिल मागून घ्या. कच्च्या चिठ्ठीवर हा अभ्यास होत नाही.

पेट्रोलवर जीएसटी नाही. केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट आहे, आणि केंद्राच्या शुल्कातला मोठा भाग उपकर आणि अधिभार (मूळ करावर बसवलेले जादा कर) म्हणून जमा होतो. 'उपकर' हा शब्द वहीत अधोरेखित करून ठेवा, तिसऱ्या पायरीत लागणार आहे. दारूही जीएसटीबाहेर, तिचा कर राज्याचा. चिकलठाणा आणि वाळूजच्या बिअर कारखान्यांमुळं छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याचं नाव राज्याच्या उत्पादन शुल्कात वरच्या ओळींत असतं. मराठवाड्यानं राज्याच्या तिजोरीत काय टाकलं असं कुणी विचारलं, तर हे उत्तर लोक जरा लाजतच देतात.

पायरी २ : पैसा कुठल्या खणात पडला ते शोधा

सरकारचा प्रत्येक रुपया चार आकडी लेखाशीर्षाखाली नोंदला जातो, आणि त्याचा पहिला आकडाच बरंच सांगून जातो. ० किंवा १ नं सुरू झालं तर महसुली जमा. २ किंवा ३ असेल तर महसुली खर्च, म्हणजे पगार, मजुरी, अनुदान. ४ किंवा ५ म्हणजे भांडवली खर्च, ६ किंवा ७ म्हणजे कर्ज आणि आगाऊ रकमा, ८ म्हणजे लोकलेखा.

पाचसहा शीर्षं पाठ केली तर भागतं. ०००६ राज्याचा जीएसटी, ००२९ जमीन महसूल, ००३० मुद्रांक व नोंदणी, ००३९ राज्य उत्पादन शुल्क, ००४१ वाहन कर. १६०१ हे केंद्राकडून येणारं सहायक अनुदान. आपला व्यवसाय कर ००२८ खाली पडतो आणि तात्यांची मजुरी २५०५ खाली निघते : ग्रामीण रोजगार.

राज्याच्या वित्त विभागाच्या संकेतस्थळावर अर्थसंकल्पीय प्रकाशनं मराठीत मिळतात. उघडल्यावर प्रत्येक ओळीपुढं चार रकमा दिसतील. दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, त्याचाच सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. वर्तमानपत्रांत चौथी रक्कम छापून येते. तुम्ही पहिली बघा. अंदाज म्हणजे लग्नाच्या यादीत लिहिलेला आहेर, प्रत्यक्ष खर्च म्हणजे मांडवात हातात पडलेला. शिवाय 'बीम्स' या प्रणालीवर मंजूर तरतूद, वितरित निधी आणि झालेला खर्च चालू वर्षातही बघता येतो. तरतूद मोठी आणि वितरण लहान दिसलं, तर गावातलं मस्टर कशामुळं अडलं याचा पहिला सुगावा तिथंच लागतो.

इथं थोडा इतिहास सांगितला पाहिजे, कारण तो आपल्या मातीतला आहे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसं मराठवाड्यात अजून हयात आहेत. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी त्या दुष्काळात राज्यभर पसरली. तिला कायमचा पैसा लागणार म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदारानं दरमहा थोडं द्यायचं आणि त्या वसुलीइतकीच भर सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची, अशी ती मांडणी होती. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम हा हक्क देशात पहिल्यांदा इथं कायद्यात उतरला. केंद्राचा कायदा, म्हणजे मनरेगा, त्यानंतर २००५ मध्ये आला, आणि २ फेब्रुवारी २००६ पासूनच्या पहिल्या टप्प्यात मराठवाड्यातले तेव्हाचा औरंगाबाद, हिंगोली आणि नांदेड हे जिल्हे होते. आमच्या बीडचा नंबर नंतर लागला.

पायरी ३ : दिल्लीच्या सामायिक हंड्याचा हिशेब

केंद्र जे कर गोळा करतं, त्यातला वाटपयोग्य भाग राज्यांमध्ये वाटला जातो. किती आणि कसा, हे कलम २८० खालचा वित्त आयोग ठरवतो. पंधराव्या आयोगानं २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी राज्यांचा वाटा ४१ टक्के ठेवला आणि त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के. म्हणजे वाटपयोग्य १०० रुपयांतले ४१ राज्यांना, आणि त्या ४१ पैकी २ रुपये ५९ पैसे आपल्याला. उत्तर प्रदेशाचा हिस्सा १७.९३९ टक्के होता, त्यांना त्याच शंभरातले ७ रुपये ३५ पैसे. हे गणित वहीत स्वतः करा. पुढच्या काळासाठी सोळाव्या आयोगाच्या तक्त्यातला महाराष्ट्रासमोरचा आकडा घालून तेच पुन्हा करा.

आता तो अधोरेखित शब्द. उपकर आणि अधिभार या हंड्यात पडतच नाहीत, ते केंद्राकडंच राहतात. म्हणून '४१ टक्के' हे केंद्रानं गोळा केलेल्या सगळ्या कराचे ४१ टक्के नव्हेत. पेट्रोलचा उपकर वाढतो तेव्हा पंपावर पैसे जातात, राज्याच्या वाट्यात मात्र भर पडत नाही.

"महाराष्ट्र एवढा भरतो आणि मिळतं एवढंच" या वाक्यावर चहाच्या टपरीवर तासभर भांडण होतं. ते ऐकताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, आयकर जिथं भरला तिथं तो कमावलेला असतोच असं नाही. मुख्य कार्यालय मुंबईत असलं की कारखाना कुठल्याही राज्यात असो, कंपनीचा कर मुंबईच्या आकड्यात दिसतो. दोन, पंधराव्या आयोगाच्या सूत्रात सर्वांत जास्त, ४५ टक्के भार 'उत्पन्नातील अंतरा'ला होता : जे राज्य सधन राज्यांपेक्षा जितकं मागं, तितका त्याला हिस्सा जास्त.

आणि हेच सूत्र आपण मराठवाडेकर मुंबईपुढं मांडत आलो आहोत! त्याला आपण 'अनुशेष' म्हणतो. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून पुढं, १९९४ च्या वैधानिक विकास मंडळापर्यंत आणि नंतरच्या केळकर समितीपर्यंत आपला युक्तिवाद एकच राहिला आहे : मागं राहिलेल्या भागाला लोकसंख्येच्या प्रमाणाहून जास्त मिळालं पाहिजे. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, तरी मागणी संपलेली नाही. मग मुंबईत गेल्यावर बिहारला नावं ठेवायची आणि संभाजीनगरला उतरल्यावर अनुशेष मागायचा, हे एका तोंडानं जमत नाही. मला स्वतःला अनुशेषाची मागणी रास्त वाटते, त्यामुळं उत्तर प्रदेशाच्या ७ रुपये ३५ पैशांबद्दल मी फार ओरडत नाही. उपकराबद्दल मात्र ओरडतो.

युरोपीय संघात हा प्रवाह उलटा आहे. तिथं देश कर गोळा करतात आणि मुख्यतः राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात सामायिक अर्थसंकल्पात वर्गणी देतात. सीमाशुल्कातले ७५ टक्के पुढं पाठवून २५ टक्के वसुलीखर्च म्हणून स्वतःकडं ठेवतात. बेकारभत्ता मात्र प्रत्येक देश आपल्या घरच्या व्यवस्थेतून देतो. भांडण तेच, जास्त देणारा कुरकुरतो. ब्रिटननं १९८४ मध्ये वर्गणीत सूट मिळवली आणि ३१ जानेवारी २०२० ला घरच सोडलं. महाराष्ट्राला तशी सोय नाही.

पायरी ४ : बेरोजगारीचा खर्च कुणाच्या माथी, ते मांडा

खरी मेख या पायरीत आहे, म्हणून इथं घाई करू नका.

मराठवाड्यात खरीप हातचा गेला की दोन्ही टोकं एकदम पेटतात. मोंढ्यात माल येत नाही, म्हणून कापडाच्या, भांड्याच्या, मोटारसायकलच्या दुकानात गिऱ्हाईक नाही, म्हणून कर घटतो. त्याच महिन्यात कामाची मागणी वाढते, टँकर लागतात. तिजोरी रिकामी होण्याची आणि तिच्यावर हात पडण्याची वेळ एकच. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षीचे आकडे काढून बघा. म्हणून हा खर्च एकट्या राज्यावर टाकायचा की सामायिक हंड्यातून करायचा, हा प्रश्न आपल्याकडं पुस्तकी उरत नाही.

मनरेगाच्या कायद्यात वाटणी अशी होती. अकुशल मजुरी पूर्ण केंद्राची, वर्षाला कुटुंबामागं १०० दिवसांपर्यंत. त्यापुढचे दिवस महाराष्ट्र आपल्या हमीतून देतो. साहित्य आणि कुशल कामाच्या खर्चात केंद्र ७५ टक्के, राज्य २५ टक्के. मजुरी आणि साहित्य यांचं प्रमाण ६०:४०. आणि मागणीनंतर १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेरोजगार भत्ता : पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव, पुढं किमान निम्मा. हा भत्ता पूर्णपणे राज्याच्या खिशातून.

आता आकडे घाला. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा दर दिवसाला ३१२ रुपये. समजा गावातल्या १२० जणांनी ३० दिवसांचं काम मागितलं.

काम दिलं तर मजुरी १२० × ३० × ३१२, म्हणजे ११,२३,२००. ही सगळी केंद्राची. ६०:४० नं साहित्य जास्तीत जास्त ७,४८,८००, त्यातला राज्याचा पाव हिस्सा १,८७,२००.

काम दिलंच नाही तर भत्ता ३१२ चा पाव, म्हणजे ७८ रुपये रोज. १२० × ३० × ७८ बरोबर २,८०,८००. सगळा राज्याचा.

म्हणजे काम देणं राज्याला १ लाख ८७ हजारांना पडतं आणि न देणं २ लाख ८१ हजारांना. कायदा करणाऱ्यांनी गाठ मुद्दाम अशी मारली होती की काम नाकारणं महाग पडावं. मी हे गणित तात्यांना वहीवर दाखवलं. त्यांचा प्रश्न लगेच आला, "मग भत्ता कुनाला भेटला का आजवर?" आमच्या गावात तरी कुणालाच नाही. कारण भत्त्याचं घड्याळ चालू होतं मागणीच्या तारखेपासून, आणि तारखेचा पुरावा म्हणजे पोच. पोचच दिली नाही तर मागणी नाही, मागणी नाही तर भत्ता नाही, आणि राज्याचा खर्च शून्य.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला, ज्याला लोक 'जी राम जी' म्हणतात. दिवस १०० चे १२५ केले, पेरणी-काढणीच्या हंगामात मिळून ६० दिवसांपर्यंत कामं थांबवण्याची मुभा ठेवली, आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांसाठी खर्चाची वाटणी ६०:४० केली. ठरवून दिलेल्या निधीच्या वर गेलेला खर्च राज्याचा. तेच १२० मजूर या वाटणीत बसवा. एकूण खर्च १८,७२,०००, राज्याचा ४० टक्के हिस्सा ७,४८,८००. भत्त्याचा जुनाच दर धरला तर काम न देण्याची किंमत तीच, २,८०,८००. तराजू उलटला. पूर्वी काम देणं राज्याला स्वस्त होतं, आता न देणं स्वस्त आहे. १२५ दिवसांच्या बातमीत ही ओळ नव्हती, म्हणून ती वहीत लाल शाईनं लिहून ठेवा.

दिवाळीनंतर आमच्याकडून ऊसतोडीचा कोयता साखर कारखान्याकडं निघतो. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ट्रॅक्टरमध्ये बसतात, पोरं शाळेतून निघतात. गावात काम नसण्याचा हा खर्च कुठल्याही लेखाशीर्षाखाली नोंदलेला सापडणार नाही. मी २५०५ खाली बराच शोधला.

पायरी ५ : गावचे कागद

नरेगाच्या संकेतस्थळावर अहवालांत राज्य, जिल्हा, तालुका करत आपल्या ग्रामपंचायतीपर्यंत उतरा. तीन गोष्टी बघायच्या. किती कुटुंबांनी काम मागितलं, किती जणांना मिळालं, आणि मजुरीचे आदेश कधी निघाले. मागणी आणि वाटप यांचे आकडे जवळपास सारखे दिसले तर खूश होऊ नका. ज्या दिवशी काम असतं त्याच दिवशी मागणी नोंदवली, तर ते सारखेच दिसणार.

मग मस्टर उघडा आणि नावं वाचा. हे काम घरी एकट्यानं करू नका, पारावर बसून मोठ्यानं वाचा. आमच्या गावच्या एका मस्टरवर पुण्यात गाडी चालवणाऱ्या पोराचं नाव निघालं. त्याच्या आईलाच आधी हसू आलं, मग ती रागावली. मजुरी उशिरा झाली असेल तर मस्टर बंद झाल्याच्या १६ व्या दिवसापासून रोज ०.०५ टक्के भरपाईची तरतूद मनरेगात होती. ३१२ वर ती दिवसाला १६ पैसे होते. रक्कम क्षुल्लक, पण उशिराची नोंद होते.

वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीलाही येतो. तो ई-ग्रामस्वराजवर दिसतो. पंधराव्या आयोगात ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, आणि ४० टक्के अबंधित. दिल्लीच्या हंड्यातला पैसा गावात कुठल्या गटारावर खर्च झाला हे इथं नावानिशी सापडतं.

पायरी ६ : नमुना ४, आणि पोच

कामाची मागणी तोंडी करू नका. नमुना ४ भरा. नावं, जॉबकार्ड क्रमांक, कधीपासून किती दिवस, सह्या-अंगठे. दोन प्रती करा. रोजगार सेवकाकडून नाहीतर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून तारखेची पोच, म्हणजे नमुना ५, घ्या. "साइट बंद आहे", "आधी काम मंजूर होऊ द्या", "पुढच्या आठवड्यात या" ही तिन्ही उत्तरं आम्हाला मिळाली. त्यावर एकच उपाय चालला : तोच अर्ज पोस्टानं, पोचपावतीसह, तालुक्याच्या कार्यक्रम अधिकाऱ्याच्या नावे. पोस्टाच्या शिक्क्यावर तारीख असते.

१५ दिवस भरले की १६ व्या दिवशी भत्त्याचा अर्ज. तिथं उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार. जोडपत्र 'अ', १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. प्रश्न 'काम का दिलं नाही' असा विचारू नका, 'का' या शब्दावर अर्ज परत येतो. असं लिहा : "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्या ग्रामपंचायतीत आलेल्या नमुना ४ अर्जांच्या नोंदवहीची प्रत आणि त्यावर दिलेल्या पोचांच्या प्रती मिळाव्यात." ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील तिथल्याच वरिष्ठाकडं, त्यानंतर राज्य माहिती आयोगाचं खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे, मुंबई गाठावी लागत नाही.

तात्यांनी पौष महिन्यात नमुना ४ भरला, सोबत आणखी बावीस जण. पोच मिळाली नाही, म्हणून केजला जाऊन रजिस्टर केलं. नवव्या दिवशी रोजगार सेवक स्वतः घरी आला आणि म्हणाला, "तात्या, पोस्टानं कशाला पाठवलं, मी काय परका आहे का?" पाझर तलावातल्या गाळाचं मस्टर त्याच आठवड्यात निघालं. तात्यांचं नाव अकराव्या ओळीत होतं, आडनाव चुकलेलं. ते दुरुस्त करायचा अर्ज आता माझ्या टेबलावर पडला आहे, पगारपत्रकांच्या गठ्ठ्याशेजारी.